आपला मल्हारी : जेजुरीचा गड आणि इंदूरचा राजवाडा

मुलांनो, गेल्या मार्गशीर्षात आम्ही सहावीच्या वर्गात एक साधा प्रश्न विचारला होता. "टेकडीवर राहणारा देव कोणता?" लगेच हात वर झाले. कोणी म्हणाले, "बिजासन माता!" कोणी म्हणाले, "देवासची टेकरी!" दोन्ही उत्तरे बरोबरच होती. विजय नगरातून देवासला जायला तासभर लागतो आणि बिजासनची टेकरी तर आपल्या विमानतळाजवळच आहे. मग आम्ही पुढचा प्रश्न विचारला, "तुमच्या घरचे कुलदैवत कोणते?" आता मात्र वर्ग शांत झाला. बहुतेकांनी सांगितले, "घरी विचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी उत्तरे आली. कोणाची तुळजाभवानी, कोणाची कोल्हापूरची अंबाबाई, कोणाची सप्तशृंगी. आणि बऱ्याच जणांच्या वहीत एकच नाव होते, जेजुरीचा खंडोबा. पण "खंडोबा म्हणजे कोण? जेजुरी कुठे आहे? इंदूरशी त्याचा काय संबंध?" हे विचारल्यावर पुन्हा शांतता. म्हणून या अंकात जेजुरीच्या गडाची माहिती देत आहोत. पालकांनीही ती मुलांबरोबर वाचावी, अशी विनंती आहे.

जेजुरी कोठे आहे?

जेजुरी हे पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात येते. पुण्याहून सुमारे पन्नास किलोमीटर, आणि आपल्या इंदूरहून सहाशे किलोमीटरहून अधिक. पुणे-मिरज रेल्वेमार्गावर जेजुरीचे स्टेशन आहे. गावाच्या मागे टेकडी आणि टेकडीवर दगडी तटबंदीच्या आत खंडोबाचे देऊळ आहे. त्याला गडकोट म्हणतात. त्याहून उंच आणि दूर डोंगरावर आणखी एक देऊळ आहे, ते कडेपठार. कडेपठारचे ठाणे जुने, गडकोटचे नंतरचे, असे मानतात.

देव एका डोंगरावरून दुसऱ्यावर कसा आला, याची गोष्ट लोक सांगतात. एक धनगर भक्त रोज कडेपठार चढून दर्शनाला जाई. पुढे तो म्हातारा झाला, पाय थकले. एके दिवशी तो देवाला म्हणाला, "देवा, आता माझ्याने चढवत नाही. हे शेवटचे दर्शन." देव म्हणाला, "तू पुढे चाल, मी तुझ्या मागे येतो. फक्त मागे वळून पाहू नकोस." म्हातारा खालच्या टेकडीपर्यंत आला, पण त्याला राहवले नाही. त्याने वळून पाहिले आणि देव तिथेच थांबला. तेच गडकोटचे ठाणे.

गोष्ट खरी की खोटी, हा प्रश्न इथे लागू पडत नाही. ती एवढेच सांगते की ज्याला वर चढता येत नाही, त्याच्यासाठी देव खाली उतरतो. आपल्या आजीआजोबांना ही गोष्ट का आवडते, हे वेगळे सांगायला नको.

मणी आणि मल्ल

खंडोबाची मुख्य कथा 'मल्हारी माहात्म्य' या ग्रंथात आली आहे. मणी आणि मल्ल हे दोन दैत्य भाऊ होते. त्यांनी ऋषींचे आश्रम उद्ध्वस्त केले. ऋषी इंद्राकडे गेले, विष्णूकडे गेले आणि शेवटी शंकराकडे गेले. शंकराने मार्तंड भैरवाचे रूप घेतले, अंगाला हळद माखली, हाती खड्ग घेतले आणि तो युद्धाला निघाला. हे युद्ध मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत सहा दिवस चालले. मणीने मरताना पश्चात्ताप करून आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि देवाजवळ राहण्याचा वर मागितला. म्हणून खंडोबाच्या ठाण्यात मणीलाही जागा असते. मल्लाने मागितले, "माझे नाव तुझ्या नावाच्या आधी लागू दे." म्हणून देव झाला मल्हारी, म्हणजे मल्लाचा शत्रू. पण नाव घेताना आधी शत्रूचेच नाव येते, हे तुमच्या लक्षात आले का?

युद्ध संपले तो दिवस म्हणजे चंपाषष्ठी. ज्या घरी खंडोबाचे नवरात्र असते, तिथे त्या दिवशी वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा करतात. चातुर्मासात बंद ठेवलेले कांदा-वांगे त्या दिवशी पुन्हा ताटात येते. तळी भरतात, म्हणजे ताम्हनात भंडारा, खोबरे, पाने, सुपारी ठेवून सगळे मिळून ते उचलतात आणि म्हणतात, "सदानंदाचा येळकोट! येळकोट येळकोट जय मल्हार!" भंडारा म्हणजे हळदीची पूड. आणि 'येळकोट' हा शब्द कानडीतला आहे, 'एळु कोटि' म्हणजे सात कोटी, असे अभ्यासक सांगतात. महाराष्ट्राचा खंडोबा कर्नाटकात मैलार आणि तेलुगू भागात मल्लन्ना म्हणून पुजला जातो. म्हणजे हा देव एकाच भाषेचा नाही.

तो एकाच जातीचाही नाही. त्याची एक राणी म्हाळसा, ती नेवाशाच्या लिंगायत वाण्याची मुलगी. दुसरी बाणाई, चंदनपुरीच्या धनगराची लेक. तिच्यासाठी देवाने तिच्या वडिलांच्या घरी मेंढरे राखली, अशी कथा आहे. गड चढताना वाटेत बाणाईचे आणि हेगडी प्रधानाचे देऊळ लागते. धनगर, मराठा, ब्राह्मण, रामोशी, कोळी, सगळे त्याला आपला मानतात. जेजुरीत मुसलमान भक्तही आहेत आणि ते त्याला मल्लूखान म्हणतात.

दगड काय सांगतात?

आता गोष्टी बाजूला ठेवून इतिहासाकडे वळू. गोष्ट तोंडी चालते, तर इतिहासाला शिलालेख, कागद किंवा बांधकाम असा काही पुरावा लागतो. इंग्रजांच्या काळात तयार झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात गडकोटाच्या बांधकामाचे टप्पे दिले आहेत. त्यातले तीन लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

सन १६३७ मध्ये राघो मंबाजी नावाच्या मराठा सरदाराने देवळाभोवतीचे बरेच बांधकाम केले. पुढे सुमारे शंभर वर्षांनी, सन १७४२ मध्ये, मल्हारराव होळकरांनी त्यात मोठी भर घातली. तटबंदीचे आणि खालच्या तलावाचे काम सन १७७० मध्ये तुकोजीराव होळकरांनी पुरे केले. मधल्या काळात, १७६६ साली, मल्हारराव वारले होते. म्हणजे एकाने हाती घेतलेले काम २८ वर्षांनी दुसऱ्याने पूर्णत्वास नेले.

आता इंदूरशी असलेला संबंध उलगडतो. मल्हारराव नीरा नदीकाठच्या होळ गावचे, म्हणून होळकर. जेजुरी हे त्याच मुलखातले देवस्थान आणि खंडोबा त्यांचे कुलदैवत. घराण्यातली नावेच पाहा. मल्हारराव हे नाव मल्हारीवरून. त्यांचा मुलगा खंडेराव, हे नाव खंडोबावरून. याच खंडेरावांची पत्नी म्हणजे अहिल्याबाई. खंडेराव १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात मारले गेले आणि पुढे कारभार अहिल्याबाईंच्या हाती आला. आपल्या शहरातले मल्हारगंज आठवा. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की त्या नावात जेजुरीचा देव आहे?

जेजुरीत होळकर तलावाजवळ मल्हार-गौतमेश्वराचे देऊळ आहे. गौतमाबाई ही मल्हाररावांची पत्नी. त्या देवळात शिवलिंगाबरोबर मल्हाररावांची आणि त्यांच्या पत्नींची मूर्ती आहे. माळव्याचे सुभेदार आपल्या मूळ गावच्या देवापाशी असे हात जोडून बसलेले आहेत.

आख्यायिका आणि इतिहास जिथे भेटतात

काही गोष्टी इतिहास आणि आख्यायिका यांच्या मधल्या असतात. शहाजीराजे आणि शिवाजी महाराज यांची बऱ्याच वर्षांनंतरची भेट जेजुरीच्या गडावर झाली, असे सांगतात. परातीत तूप घेऊन बापलेकांनी आधी एकमेकांचे प्रतिबिंब पाहिले आणि मग गळाभेट घेतली, अशी आठवण लोकांनी जपली आहे.

दुसरी गोष्ट भुंग्यांची. औरंगजेबाचे सैन्य देऊळ फोडायला आले, तेव्हा भिंतीच्या फटीतून भुंग्यांचे मोहोळ उठले आणि सैन्याला पळता भुई थोडी झाली. मग बादशहाने देवाला सव्वा लाखाचा भुंगा वाहिला, असे सांगतात. ही आख्यायिका आहे. पण तिच्यामागचा काळ खरा आहे. औरंगजेब १६८१ साली दक्षिणेत उतरला आणि १७०७ साली मरेपर्यंत इथेच राहिला. सव्वीस वर्षे लढाया बघितलेल्या लोकांना आपले देऊळ वाचले, याचे कारण हवे होते. ते त्यांना भुंग्यांमध्ये सापडले.

गडावर गेलात की आणखी तीन गोष्टी पाहा. देवळासमोर पितळेने मढवलेले भले मोठे कासव आहे. वाटेवर आणि अंगणात दगडी दीपमाळा आहेत, त्या भक्तांनी नवस फेडताना उभारल्या. आणि सुमारे ४२ किलो वजनाचा खंडा, म्हणजे तलवार. ती पानसे घराण्याने देवाला वाहिली. दसऱ्याला गडकोट आणि कडेपठार येथील पालख्यांची रात्री डोंगरात भेट होते आणि त्यानंतर हा खंडा एका हातात उचलून धरण्याची चुरस लागते. पायऱ्यांना 'नवलाख पायरी' म्हणतात. पायऱ्या मोजल्या तर काही शेच भरतील. नऊ लाख हा हिशेब नव्हे, ती श्रद्धेची मोजणी आहे.

दुरुस्ती म्हणजे नवे करणे नव्हे

चारशे वर्षे ऊन, पाऊस, तेल, धूर आणि भंडारा सोसलेले देऊळ थकणारच. अरुण कोलटकरांचा 'जेजुरी' हा इंग्रजी कवितासंग्रह १९७६ साली आला. त्यात मोडकळीला आलेली देवळेही दिसतात. आपल्या काळात महाराष्ट्र शासनाने जेजुरीच्या जतनासाठी सुमारे ३४९ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला. त्यात गडकोट, कडेपठार, पायऱ्या, दीपमाळा आणि जुने तलाव यांचा विचार आहे. २०२३ साली ऑगस्टच्या अखेरीपासून सुमारे दीड महिना गाभाऱ्यातले दर्शन कामासाठी बंद ठेवावे लागले होते. रोज हजारो भाविक येत असताना गाभारा बंद ठेवणे सोपे नसते. पण आजारी माणसाला विश्रांती द्यावी लागते, तसेच हे.

जुन्या देवळाची दुरुस्ती कशी करतात, हे समजून घेण्यासारखे आहे. जुन्या दगडी भिंतींत सिमेंट नसते, चुना असतो. चुना भिजवून, मळून, त्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचे पाणी असे पदार्थ घालण्याची पद्धत आपल्याकडे होती. चुन्यातून ओल हळूहळू बाहेर पडते, भिंत श्वास घेते म्हणा ना! त्यावर सिमेंटचा गिलावा केला तर आतले पाणी आतच अडकते. क्षार साठतात आणि दगडाचे पापुद्रे निघू लागतात. तेलरंगाचेही तसेच. देऊळ चकचकीत दिसावे म्हणून भक्तिभावाने फासलेला रंग कोरीव काम बुजवतो आणि ओल कोंडतो. म्हणून जाणकार आधी काय लावायचे हे ठरवत नाहीत, आधी काय काढायचे ते ठरवतात.

भंडाऱ्याचीही काळजी घ्यावी लागते. शुद्ध हळद ही आपली परंपरा आहे. पण हळद म्हणून पिवळा रंग मिसळलेली पूड विकली जाते. ती डोळ्यांना आणि त्वचेला त्रास देते आणि दगडालाही. देवाला वाहायचे ते शुद्ध असावे, एवढे तरी आपण प्रत्येक जण पाहू शकतो.

काही गोष्टी मात्र जतन करण्याच्या नसतात. पूर्वी मुलींना मुरळी म्हणून देवाला वाहत असत. त्या मुलींच्या वाट्याला काय येई, हे महात्मा फुल्यांपासून अनेक सुधारकांनी सांगितले. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९२० साली त्याविरुद्ध कायदा केला आणि मुंबई प्रांतात १९३४ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. दगडावरचा तेलरंग काढायचा, तशीच ही प्रथा काढून टाकणे हीसुद्धा देवस्थानाची दुरुस्तीच होती. परंपरा टिकवायची म्हणजे ती डोळे मिटून टिकवायची असे नव्हे, हे आमच्या मोठ्या मुलांनी लक्षात ठेवावे.

आपल्या शहरातली दुरुस्ती

जेजुरी दूर आहे, असे वाटत असेल तर राजवाड्यात चला. इंदूरच्या राजवाड्याचे काम १७४७ साली सुरू झाले. सात मजली, खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे लाकडाचे. त्याच्या आत मल्हारी मार्तंडाचे देऊळ आहे. जेजुरीचा देव होळकरांबरोबर माळव्यात आला आणि राजवाड्यात राहिला.

हा राजवाडा तीनदा जळला. पहिल्यांदा १८०१ साली, शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांच्या हल्ल्यात. दुसऱ्यांदा १९०८ साली. आणि तिसऱ्यांदा १९८४ सालच्या दंगलीत. मागचा भाग जवळजवळ नाहीसा झाला. तुमच्यापैकी अनेकांच्या आजोबांनी तो जळका भाग डोळ्यांनी पाहिला आहे. त्यांना विचारा. पुढे होळकर घराण्यातील उषाराजे यांनी पुढाकार घेतला आणि २००६-०७ मध्ये तो भाग जुन्याच धाटणीने पुन्हा उभा राहिला. मल्हारी मार्तंडाचे देऊळही पुन्हा नांदते झाले.

जपानमध्ये इसे येथे एक प्रसिद्ध देवस्थान आहे. ते दर वीस वर्षांनी मोडून शेजारच्या जागेवर पुन्हा तसेच बांधतात. शेवटचे २०१३ साली बांधले. त्यामुळे लाकूड नवे असते, पण हात जुने असतात. म्हातारा सुतार तरुणाला शिकवतो आणि वीस वर्षांनी तो तरुण पुढच्याला शिकवतो. आपल्याकडची रीत वेगळी आहे, आपण जुना दगड राखतो. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. शिकवणारा आणि शिकणारा यांची साखळी तुटली, तर दगड असो की लाकूड, काहीच उरत नाही.

आपला वाटा

राघो मंबाजींनी बांधले, मल्हाररावांनी वाढवले, तुकोजीरावांनी पुरे केले, आणि आता पुरातत्त्वाचे लोक जपत आहेत. प्रत्येक पिढीने आपल्या वाट्याचे काम केले, म्हणून गड उभा आहे. दगडांचे काम सरकार करील, कारागीर करतील. पण गोष्टींचे काम कोण करणार? म्हाताऱ्या धनगराची गोष्ट, तळी उचलण्याची रीत, आपल्या घरचे कुलदैवत कोणते आणि त्याला काय नैवेद्य लागतो, हे कोणत्याही आराखड्यात बसत नाही. ते घरातच राखावे लागते, आणि राखले नाही तर एका पिढीत जाते. आमच्या वर्गात पसरलेली ती शांतता आम्हांला त्यामुळेच खटकली.

विजय नगर तसे नवे. इथले अनेक मराठी परिवार जुन्या इंदुरातून आले, काही देवासहून, काही महाराष्ट्रातून नोकरीसाठी. फ्लॅटमध्ये देव्हारा लहान झाला, आजीआजोबा गावी राहिले, आणि घरात हिंदी, इंग्रजी आणि मराठी मिळून एकच खिचडी झाली. यात कोणाचा दोष नाही. पण म्हणूनच थोडा प्रयत्न हवा.

मुलांनो, म्हणून तुम्हांला एक छोटा गृहपाठ. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाजवळ बसा. फोनवर बोललात तरी चालेल. त्यांना पाच प्रश्न विचारा. आपले कुलदैवत कोणते? आपले मूळ गाव कोणते? देवाची कोणती गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली? सणाला कोणता नैवेद्य होई? आणि तुमच्या लहानपणी होती पण आता बंद पडली, अशी रीत कोणती? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकल्यावर ती का बंद पडली, हेही विचारा. काही रीती बंद पडल्या ते बरेच झाले असेल. काही मात्र नुसत्याच विसरल्या गेल्या असतील.

उत्तरे मराठीत लिहून वर्गशिक्षकांकडे द्या. शुद्धलेखनाच्या चुका झाल्या तरी हरकत नाही, त्या आम्ही दुरुस्त करू. आणि चंपाषष्ठीला राजवाड्यातल्या मल्हारी मार्तंडाला नमस्कार करून या. तिथे भंडारा मिळाला तर कपाळाला लावा आणि कोणी विचारले तर तुमच्या शब्दांत सांगा, की हा देव मुळात कुठला, तो इथे कसा आला, आणि त्याचे घर किती जणांनी मिळून राखले.

जय मल्हार!